चंद्रप्रभेची तिसरी परीक्षा

घरातून बाहेर पडताना मनकर्णा दारात थांबायची आणि घराला सांगायची, कुठे चालली, कशाला चालली आणि कधी परतणार. "तलावावर जातो. दोन लुगडे हायत धुवाचे. ऊन डोईवर याच्या आत येतो." नवरा घरात असला तरी सांगायची, नसला तरी सांगायची. कोंबड्याही बाहेर गेलेल्या असल्या तरी सांगायची. मग उंबरठा ओलांडायची.

तिच्या आणि आमच्या घरांमध्ये एक कुडाची भिंत होती. माझी आई, रुखमाबाई, रोज पलीकडून हे ऐकायची. एकदा तिनं विचारलं, "कोणाले सांगतेस व? कवाडाले?"

"सांगून ठेवलेलं बरं असते, बाई," मनकर्णा म्हणाली. "मंग कोणी दोनदा इचारलं तर दोन्ही खेपेले एकच सांगता येते."

आई हसली. कोण विचारतं, हे विचारायचं मात्र तिला सुचलं नाही.

आमचं गाव मूल या बाजाराच्या गावापासून सहा कोसांवर. तीन बाजूंना जंगल, चौथ्या बाजूला तलाव, मध्ये धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेले शेताचे तुकडे. मनकर्णा पन्नास सालच्या उन्हाळ्यात चिमूरकडून लग्न होऊन आली, तेव्हा सोळा वर्षांची होती. बोलणं कमी, हात चपळ. रोवणीत तिची ओळ सगळ्यांच्या पुढे असायची, पण बांधीच्या काठाशी पोचली की मागच्या बायका येईपर्यंत ती तिथेच उभी राहायची. एकटीनं पुढची बांधी धरायची नाही.

तिचा नवरा गुणवंतराव सडपातळ, लांब बोटांचा. घरची दहा एकर धानाची शेती. पण गावाला तो माहीत होता तो नाटकातल्या बाईच्या कामासाठी. आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि मंडईला नाटक होतं. राजे पुरुषच, राण्याही पुरुषच. आमच्या गावाचं नाटक जुनं होतं. कुणी लिहिलं कुणाला ठाऊक नव्हतं. तीनदा उतरवून काढलेली एक वही होती, आणि गाव त्याला दोन बहिणींचं नाटक म्हणायचं.

थोरली बहीण चंद्रप्रभा सेनापतीला दिलेली. धाकटी ललिता एका माळ्याला. सेनापतीला बायकोच्या निष्ठेची शंका येते आणि तो तिच्या परीक्षा घेतो. पहिल्या परीक्षेत तिनं दिवसभर दार लावून आत बसायचं. दुसरीत, कुणीही हाक मारली तरी खिडकीशी यायचं नाही. तिसरीत, एकटीनं अरण्यातल्या सरोवरातून पांढरं कमळ आणायचं आणि जाता-येता तोंडातून आवाज काढायचा नाही. चंद्रप्रभा तिन्ही परीक्षा पार पाडते. कमळ घेऊन परतते तेव्हा सेनापती म्हणतो, "अरण्यात तू बोलली नाहीस, कारण सोबत असा कोणी होता की ज्याच्याशी बोलावंच लागत नाही." मग ती परत जाते आणि सरोवरात शिरते. दोन माणसं निळं लुगडं हलवत धरायची, ते सरोवर.

मधल्या प्रवेशांमध्ये माळी आणि ललिता. ती दोघं पहिल्या अंकापासून शेवटच्या अंकापर्यंत भांडत असतात. माळ्याचं काम माझे वडील नथ्थूभाऊ करायचे आणि ललिता व्हायचा मुखरू, ज्याची मान बैलासारखी होती. वहीतलं भाषण त्यांनी कधीच सोडून दिलं होतं.

"तू मेली त मी दुसरी करीन."

"कर. तिले माह्या वाटणीचं धुणं दे. मी वरून पायतो."

"वरून काऊन? तू खालीच जाशीन."

"मंग तुमचीच वाट पायतो."

लोक पोट धरून हसायचे. माझी आई हसायची नाही. घरी आल्यावर म्हणायची, "तिथं त्या मुखरूले आपल्या हातानं पान चारता. घरी मले कधी पानाचं देठ नाई देल्लं."

"तो भांडते चांगला," वडील म्हणायचे. "तू एकदम रडतेस."

"मी कधी रडली?"

"आता रडशीन पाय."

आणि तिला हसू यायचं. त्या घरात एवढंच प्रेम दिसायचं, आणि ते पुरायचं.

नाटक बसवायला मूलहून बशीरमास्तर यायचे. धंद्यानं शिंपी. पेटी वाजवायचे, सोंगांचे कपडे शिवायचे आणि प्रत्येकाला चालायला शिकवायचे. त्रेपन्न साली चंद्रप्रभेचं काम पहिल्यांदा गुणवंतरावाला मिळालं, तेव्हा तालमीत ते त्याला म्हणाले, "भाऊ, तुमची चंद्रप्रभा गळ्यातून घाबरते. बाईमाणूस गळ्यातून नाई घाबरत. हातातून घाबरते. घरी जाऊन देखो."

मास्तरांनी हे चांगल्या मनानं सांगितलं होतं. पदर कसा आवरावा, चुलीपुढे कसं बसावं, हे असंच घरी पाहून ये म्हणून ते सगळ्यांनाच सांगायचे.

गुणवंतरावानं घरी पाहिलं. मनकर्णा दळताना कशी बसते, घागर उतरवताना मान कुठे वळवते, हे त्यानं आठ दिवसांत उचललं. पण घाबरताना पाहायचं, तर ती आधी घाबरायला हवी. तो भर दुपारी शेतावरून चोरपावलांनी परत यायचा आणि कवाडामागे उभा राहायचा. कधी जेवता जेवता ताट सरकवून विचारायचा, "काल तलावावर कोण होता?" ती गोंधळायची. तिचा डावा तळहात आपोआप डाव्या कानावर जायचा, कुणी दार ओढून घ्यावं तसा. तो टक लावून पाहायचा आणि मग हसायचा. "असंच. असंच पाह्यजे होतं मले." मग तीही हसायची. घाबरलेलं माणूस सुटल्यावर हसतं, तशी.

त्या वर्षी मंडईत चंद्रप्रभेचं नाव झालं. शेजारच्या तीन गावांनी सुपारी दिली.

पुढच्या वर्षी दिवाळीला अवकाश होता, तरी त्याचे प्रश्न सुरू झाले. आणि त्याच्या पुढच्या वर्षी नाटक संपून दोन महिने झाले, तरी थांबले नाहीत. मनकर्णानं आईला फार नंतर सांगितलं की प्रश्नांचं तिला काही वाटत नव्हतं. तिला वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. एक दिवस तिच्या लक्षात आलं की विचारून झाल्यावर तो आता हसत नाही.

छप्पन्न सालची रंगीत तालीम दुपारीच झाली, कारण गॅसबत्त्या मूलहून मंडईच्या दिवशीच यायच्या. शाळेच्या पटांगणात बायका एका बाजूला बसल्या होत्या. मनकर्णा आईच्या शेजारी, मांडीवर निवडायला घेतलेली लाखोळीची डाळ. दुसरी परीक्षा आली. सेनापती दाराबाहेरून हाक मारतो, आणि आत चंद्रप्रभा ऐकते. गुणवंतराव पाठमोरा होता. तो वळला नाही, किंचाळला नाही. त्यानं फक्त डावा तळहात सावकाश उचलला आणि डाव्या कानावर ठेवला.

मागची एक म्हातारी म्हणाली, "कुठून शिकला गा हा?"

आईनं शेजारी पाहिलं. मनकर्णाचे हात सुपात होते आणि ती डाळीकडे पाहत होती. घरात, बंद दाराआड, तिचं जे झालं होतं ते गावानं पाहिलं आणि गावाला ते आवडलं. ती उठली, सूप काखेला लावलं आणि तालीम सुरू असताना घरी गेली.

त्या संध्याकाळी आई कुडाच्या भिंतीपाशी जाऊन हळूच म्हणाली, "मनकर्णा."

"हो बाई."

"मारतेत काय तुले?"

पलीकडे चुलीतलं लाकूड मागे ओढल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "एकदा. ते नाटकातलं होतं काय, ते मले नाई समजलं."

बशीरमास्तरांनाही त्या तालमीत काहीतरी दिसलं असावं. मंडई झाल्यावर पेटी बांधता बांधता ते म्हणाले, "गुणवंतभाऊ, नाटक पडद्याच्या अलीकडे आणू नका. माणसाचा नुकसान होते." गुणवंतराव म्हणाला, "मास्तर, तुमीच त सांगतलं होतं, घरी जाऊन देखो." मास्तरांनी पेटीचा पट्टा पुन्हा एकदा आवळला. जाताना मात्र ते आमच्या दाराशी थांबले आणि आईला म्हणाले, "बाई, मी चिमूरच्या बाजाराला जात असतो. कोणाला माहेरी सांगावा द्यायचा असला तर सांगा."

सांगावा गेला माघात. मनकर्णाच्या भावाचा, वारलूचा, उलटा निरोप आला: रामनवमी झाली की गाडी घेऊन येतो, दोन-तीन महिने माहेरी राहू दे, पुढचं पुढे पाहू. आई म्हणाली, "आताच काऊन नाई जात? मी मुखरूले सांगतो, तो सोडून देईन."

"मोहाफूल येचून देतो बाई आधी. नाईतर म्हणतीन, काम टाकून पळाली. मंग भावाले मान खाली घालावी लागते."

मोहाफूल आमच्याकडे फागुनापासून पडतं आणि चैतात भर येतो. पावसाच्या तोंडाशी त्याच झाडाची टोळी, म्हणजे बी, गोळा होते. तिचं तेल दिव्यालाही चालतं आणि अंगालाही. प्रत्येक घराची जंगलात ठरलेली झाडं असतात. आदल्या दिवशी झाडाखालचा पाला जाळून जागा साफ करायची आणि तांबडं फुटताना जाऊन फूल वेचायचं. बायका घोळक्यानं जातात, पण जंगलात शिरल्यावर पांगतात, कारण एकीचं झाड इथं तर दुसरीचं नाल्यापलीकडे. म्हणून हाळी. थोड्या थोड्या वेळानं एकीनं लांब "ऊऽऽ" करायचं आणि बाकीच्यांनी आपापल्या झाडाखालून ओ द्यायची. जिची ओ येत नाही, तिच्याकडे सगळ्यांनी धावायचं. हा नियम कुणी शिकवत नाही. मुलगी आईच्या टोपलीमागून चालायला लागली की तिला तो येतो. वाकून फूल वेचणारी बाई लांबून जनावरासारखी दिसते, हेही तिला तेव्हाच समजतं. आणि त्या साली तर नाल्याकडच्या टोल्यावर, म्हणजे वस्तीवर, वाघिणीनं पंधरा दिवसांत दोन गोऱ्हे नेले होते.

वेचणीच्या तिसऱ्या दिवशी आईनं हाळी दिली. सगळ्यांची ओ आली, मनकर्णाची आली नाही. आई टोपली टाकून पळाली. मनकर्णा आपल्या झाडाखाली बसून फूल वेचत होती. तिनं वर पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

"काऊन ओ नाई देत व?" आई दम खात म्हणाली.

मनकर्णा अगदी हलक्या आवाजात बोलली. "त्याईनं नाई म्हटलं. बाई जंगलात हाळी देते ते कोणाले तरी देते, म्हणते. धुऱ्यावर बसून आयकून राह्यले. आवाज आला त..."

"आवाज आला त काय?"

"तेवढंच म्हणून थांबले."

आईनं झाडांमधून पाहिलं. जंगल जिथं संपतं आणि बांध्या सुरू होतात तिथं धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, पांढऱ्या पटक्यात गुणवंतराव बसला होता.

"हे नाटकातलं हाय," आई म्हणाली. "तिसरी परीक्षा हाय हे. तुले समजत नाई काय?"

"समजते." मनकर्णा फूल वेचतच राहिली. "तिनं पयल्याच परीक्षेले नाई म्हणाले पाह्यजे होतं. ललिता म्हणते, म्हणून ते जगते. मी बसली बाई दार लावून. आता कोण्या तोंडानं नाई म्हणू? आठ-दहा दिवस रायले. वारलू येते."

आईनं तिला एक उपाय सांगितला. तोंडानं बोलू नको, पण हाळी ऐकली की दगडानं खोडावर दोनदा ठोक. मनकर्णानं तीन दिवस ठोकलं. चौथ्या दिवशी तिनं ठोकलं नाही, आणि तिच्या हाताला फडकं बांधलेलं होतं. गुणवंतरावानं विचारलं होतं, खूण कोणाले देतेस.

आईनं हे वडिलांना सांगितलं. वडील त्याच दिवशी गुणवंतरावाकडे गेले आणि म्हणाले, "गुणवंता, वाघीण हाय जंगलात."

"हाय ना," तो म्हणाला. "सगळ्याच बाया जाते."

"सगळ्या बाया हाळी देते."

"नथ्थूभाऊ, तुमी आपले मुखरूसंगच भांडा," तो म्हणाला आणि हसला. वडील तिथून वळले. ते परत आले आणि न जेवता खाटेवर पडून राहिले.

म्हणून आईनं स्वतःच जायचं ठरवलं. सकाळच्या वेचणीत दोनदा आपलं झाड सोडून ती मनकर्णाच्या झाडापर्यंत जायची, लांबून तिला पाहायची आणि परतायची. इतर बायकांनाही सवय झाली. हाळी जायची, सगळ्यांची ओ यायची, एक जागा रिकामी राहायची, आणि कुणी धावायचं नाही. ती जागा मनकर्णाची आहे हे सगळ्यांना माहीत होतं.

रामनवमीला दोन दिवस होते. आदल्या रात्री गरम वारा सुटला होता आणि सकाळी झाडांखाली फुलांचा थर पडला होता. आई पहिल्यांदा गेली तेव्हा मनकर्णा दिसली. वाकलेली, पाठ इकडे, पदर कमरेला खोचलेला. दुसऱ्यांदा आई गेली नाही. इतकी वर्षं झाली, अजून ती तेवढंच सांगते. "त्या दिवशी फूल लय पडलं होतं."

ऊन चढल्यावर बायका पायवाटेवर जमल्या. मनकर्णा आली नाही. हाळी दिली. मग सगळ्यांनी मिळून दिली. तिच्या झाडाखाली टोपली होती, अर्ध्याहून जास्त भरलेली. वेचून साफ झालेल्या जमिनीची कड खोडापासून नाल्याच्या बाजूला सरकत गेली होती आणि एका ठिकाणी थांबली होती. त्यापुढे फूल तसंच पडलेलं. जाळलेल्या पाल्याच्या राखेत पंज्यांचे ठसे होते आणि घसटत नेल्याची एक रुंद वाट. जवळच्या झाडाखाली, पन्नास पावलांवर, वेचत असलेली बाई पुन्हा पुन्हा म्हणत राहिली की तिनं काहीच ऐकलं नाही. ती खरं बोलत होती. मनकर्णा ओरडलीच नव्हती. तिला वेळ मिळाला नाही, की वेळ मिळूनही ओरडली नाही, हे कुणी सांगू शकत नाही.

धुऱ्यावर कुणी नव्हतं. गुणवंतराव त्या दिवशी घरी झोपला होता. नंतर कळलं, गेले चार दिवस तो धुऱ्यावर गेलाच नव्हता. आपण असलो काय नसलो काय, ती ओरडत नाही, हे त्याला समजलं होतं.

माणसं ढोल, टेंभे आणि कुऱ्हाडी घेऊन निघाली. गुणवंतराव सगळ्यांच्या पुढे होता. नाल्याच्या काठाकाठानं तो तिच्या नावानं हाका मारत होता. त्याचा आवाज मोठा आणि स्वच्छ होता, मागच्या रांगेपर्यंत पोचेल असा. मुखरू त्याच्या शेजारून चालत होता. थोड्या वेळानं तो म्हणाला, "आता बस कर गा," आणि गुणवंतराव गप्प झाला. संध्याकाळच्या आत जे सापडलं ते एका लुगड्यात मावलं.

रामनवमीच्या दुसऱ्या दिवशी वारलू गाडी घेऊन आला. बहिणीला बसायला त्यानं गाडीत तणस अंथरून वर घोंगडी टाकली होती. त्याला वाटेत कुणी भेटलं नव्हतं. त्याला सांगायचं काम माझ्या वडिलांनी केलं.

त्या वर्षी मंडईला नाटक झालं नाही. पुढच्या वर्षी झालं. बशीरमास्तर आले नाहीत. पेटी दुसऱ्या कुणी वाजवली. वडिलांनी माळ्याचं काम सोडलं. चंद्रप्रभा गुणवंतरावच झाला, आणि लोक म्हणाले की तिसरी परीक्षा त्यानं इतकी चांगली कधीच केली नव्हती. माझी आई गेली नाही. त्या संध्याकाळी ती अंगणात बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत राहिली आणि वडील तिच्या शेजारी बसून राहिले. दोघं एकमेकांशी भांडली नाहीत.

मनकर्णाचा विषय निघाला की गाव वाघिणीचं बोलतं. आई नाही बोलत. तिला त्या पहाटेची पायवाट आठवते. घोळका पुढे गेला होता. आईच्या टाचांना भेगा पडल्या होत्या, म्हणून ती मागे राहिली, आणि तिच्यासाठी मनकर्णाही. अजून जंगल सुरू झालं नव्हतं, त्यामुळे बोलायला हरकत नव्हती. जिथं वाटा फुटतात तिथं मनकर्णा थांबली, डोक्यावरची टोपली नीट केली, आणि आईच्या पायांकडे पाहून म्हणाली, "टाचा लय फुटल्या बाई तुमच्या. माह्या घरी टोळीचं तेल हाय. जेवणं झाल्यावर वाटी घेऊन या."